फेडीचे वाङ्मय

मराठी वाङ्मयात कर्ज पुष्कळ आहे. कर्जाची फेड मात्र फारशी आढळत नाही. सावकार आहे, रोखा आहे, गहाणखत आहे, लिलावाची दवंडी आहे, दाराशी आलेला बेलीफ आहे आणि अंगणात मांडलेली तांब्यापितळेची भांडीही आहेत. परंतु ज्याने गरजेपोटी कर्ज काढले, ज्याला ते पुढे जड झाले, ज्याने धनकोंची गाठ घेऊन हप्ते बांधून घेतले आणि जो ते हप्ते दरमहा पोटाला चिमटा घेऊन भरीत आहे, असा मनुष्य आपल्या कथा-कादंबऱ्यांत क्वचितच भेटतो. त्यातही, अशी हप्तेबंदी सुरळीत चालू असताना पाच धनकोंपैकी एकाने दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरला आणि हुकूमनामा मिळविला, तर त्या ऋणकोने पुढे काय करावे, हा प्रसंग आपल्या लेखकांनी हाती घेतल्याचे आमच्या वाचनात नाही.

हा प्रसंग दुर्मिळ असता तर तक्रारीला जागा नव्हती. वस्तुतः मासिक वेतनावर जगणाऱ्या वर्गात तो अनोळखी नाही. या मासिकाचे बहुसंख्य वाचक बदलीच्या नोकरीतले आहेत. वडिलोपार्जित घर एका गावी, नोकरीचे बिऱ्हाड दुसऱ्या गावी, मुलांची शिक्षणे तिसऱ्याच शहरात आणि आईवडिलांची दुखणी चौथ्या ठिकाणी, अशी ज्यांच्या प्रपंचाची विभागणी झालेली असते, त्यांचे कर्जही तसेच विभागलेले असते. पतपेढीचे थोडे, बँकेचे थोडे, एखाद्या स्नेह्याकडून हातउसने घेतलेले थोडे. त्यांतील एकाने न्यायालय गाठले की उरलेल्यांना दिलेला शब्द कसा पाळायचा, हा प्रश्न उभा राहतो. तो कायद्याचा आहे तितकाच चारित्र्याचाही आहे. आणि चारित्र्याचा प्रश्न म्हटला की तो वाङ्मयाच्या प्रांतात आलाच.

हा विचार रायपुरात, सदर बाजाराच्या शेजारी सुचावा यात नवल नाही. सदर बाजार ही रायपूरची सराफ्याची पेठ. जेथे सोने विकले जाते तेथे ते तारणही राहते. आणि तारणाचा व्यवहार हा कर्जाचा सर्वांत जुना व सर्वांत स्पष्ट प्रकार आहे. तारण घेऊन पैसे देणाऱ्याला न्यायालयाची पायरी चढलीच पाहिजे असे नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७६ प्रमाणे मुदत टळल्यावर वाजवी नोटीस देऊन तो वस्तू विकू शकतो. विक्रीत येणे रकमेपेक्षा अधिक आले तर वरकड रक्कम त्याने मालकाला परत करावयाची असते. आणि कलम १७७ प्रमाणे प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत वस्तू सोडवून घेण्याचा हक्क मालकाला उरतो. आपल्या कथाकारांना तारणाचे कर्ज आवडते, याचे कारण उघड आहे. गहाण पडलेली पाटली डोळ्यांना दिसते. तिच्यावाचून उघडा पडलेला हातही दिसतो. परंतु नुसत्या शब्दावर दिलेल्या पैशाला असे दृश्य रूप नसते. त्याचे पहिले दृश्य रूप म्हणजे समन्स आणि दुसरे म्हणजे हुकूमनामा. म्हणून बिनतारणी कर्जाची कथा न्यायालयाशी येऊन ठेपते. पुढे काय होते, हा आमच्या टीकेचा विषय आहे.

न्यायालयाच्या निवाड्यावर उभी राहिलेली एक प्रसिद्ध कथा याच छत्तीसगडात, एका मराठी माणसाच्या हातून लिहिली गेली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. संपादनात त्यांचे सहकारी रामराव चिंचोलकर होते आणि प्रकाशक होते रायपूरचे वामन बळीराम लाखे. तिघेही मराठी. पुढे दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे सप्रे ते हेच. १९०१ च्या एप्रिलमध्ये या मासिकात त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा छापली गेली. हिंदीतील पहिली कथा कोणती या वादात तिचे नाव अग्रभागी घेतले जाते. तो वाद हिंदीच्या अभ्यासकांनी सोडवावा. आमचे लक्ष कथेतल्या निवाड्याकडे आहे.

कथा लहान आहे. जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवायचे असते आणि शेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. ती झोपडी सोडीत नाही. मग जमीनदार वकिलांना पैसे चारून न्यायालयाकडून झोपडीचा ताबा मिळवितो. विधवा परत येते आणि नातीसाठी चूल करायला तेथली एक टोपलीभर माती मागते. टोपली भरल्यावर ती जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. तेव्हा ती म्हणते की एका टोपलीचा हा भार झाला, तर साऱ्या झोपडीच्या मातीचा भार जन्मभर कसा पेलशील? जमीनदार वरमतो, क्षमा मागतो आणि झोपडी परत देतो.

कथेचे सामर्थ्य आम्ही मान्य करतो. टोपलीची कल्पना साधी आहे, ती लोककथेच्या वळणाची आहे आणि म्हणूनच ती सव्वाशे वर्षे टिकली. तथापि निवाड्याच्या दृष्टीने पाहता लेखकाने आपले काम दोन ठिकाणी सोपे करून घेतले आहे. पहिले असे की निवाडा उघडउघड अन्यायाचा आहे. विधवेचे काही देणे नाही. तिच्या बाजूने संशयाला जागाच नाही. दुसरे असे की ज्याच्या हाती निवाडा आहे तोच शेवटी विरघळतो. म्हणजे निवाडा पैशाने मिळाला आणि पश्चात्तापाने संपला. विधवेला वरिष्ठ न्यायालयात जावे लागले नाही, मुदत मागावी लागली नाही, रक्कम भरावी लागली नाही. कर्जाच्या हुकूमनाम्यात या दोन्ही सवलती बहुधा नसतात. पैसे खरोखरच देणे असतात, म्हणून हुकूमनामा कायद्याने योग्यच असतो. आणि त्याचा धारक एखादा दयाळू किंवा दुष्ट माणूस असण्यापेक्षा एखादी संस्था असण्याचा संभव अधिक. संस्थेला टोपली उचलायला सांगता येत नाही.

पश्चात्तापाने कर्ज विरघळविण्याची ही रीत आपल्या परंपरेत खोल गेलेली आहे. तुकोबांच्या परंपरागत चरित्रात सांगतात की त्यांच्या घरी महाजनकी होती. दुष्काळानंतर विरक्त झाल्यावर त्यांनी कुळांकडून येणे असलेल्या रकमांची खते इंद्रायणीत सोडून दिली, परंतु धाकट्या भावाच्या, कान्होबाच्या, वाट्याची खते तेवढी त्याच्या हाती ठेवली. कीर्तनकार पहिल्या अर्ध्या भागावर निरूपण करतात. टीकाकाराने दुसऱ्या अर्ध्याकडेही पाहावे. ज्या कुळांची खते कान्होबाकडे राहिली, त्यांचे काय झाले? त्यांनी पैसे कसे फेडले? किती वर्षे? गावात अर्धी कुळे ऋणमुक्त आणि अर्धी ऋणबद्ध अशी विचित्र स्थिती उत्पन्न झाली असेल. पण त्या दुसऱ्या अर्ध्याला चरित्रकार भेटला नाही.

पाण्याऐवजी अग्नीचा मार्ग १८७५ साली दिसला. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि हुकूमनामे हिसकावून जाळले. प्राण घेण्यापेक्षा कागद नष्ट करण्याकडे त्यांचा रोख अधिक होता. न्यायालयाने या शेतकऱ्यांच्या मनात कोणते स्थान मिळविले होते, हे त्यावरून कळते: कागद आहे तोवर कर्ज आहे, कागद गेला की कर्ज गेले. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुळकर्णी, सावकार, कारकून आणि वकील यांच्या साखळीत शेतकरी कसा सापडतो याची जी मांडणी केली, ती या घटनेच्या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. फुल्यांचा ग्रंथ हा कथा नव्हे. परंतु दावा, तारीख आणि खर्च यांची जाण त्यांच्या समकालीन मराठी ललित गद्यापेक्षा त्यात अधिक आहे.

पाणी, अग्नी आणि माती अशा तीन भूतांच्या साहाय्याने आपल्या परंपरेने कर्जाचा निकाल लावला. चौथा मार्ग थट्टेचा, आणि तो फार जुना आहे. देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या ‘मृच्छकटिका’चे मूळ संस्कृत नाटक पाहावे. त्याच्या दुसऱ्या अंकात जुगारात दहा सुवर्ण हरलेला संवाहक धनकोंच्या तावडीत सापडतो. तो एकाला म्हणतो, अर्धे देतो, अर्धे सोड. तो कबूल होतो. मग दुसऱ्याजवळ जाऊन तेच बोलतो. तोही कबूल होतो. मग संवाहक हिशेब मांडतो की अर्धे याने सोडले आणि अर्धे त्याने सोडले, तेव्हा आता मी मोकळा. आणि चालू लागतो. प्रेक्षक हसतात. परंतु या विनोदाच्या मुळाशी एक नेमके निरीक्षण आहे: अनेक धनको असले आणि प्रत्येकाशी निरनिराळी बोलणी झाली की सगळ्या बोलण्यांची बेरीज कोणाच्याच हाती नसते. तडजोड एकत्र व लेखी झाली नाही तर तिची अशीच गत होते. शेवटी वसंतसेनेच्या कंकणाने त्याची सुटका होते. येथेही फेड नाही, देणगी आहे.

खऱ्या फेडीच्या जवळ आलेली कथा म्हणून आम्ही प्रेमचंदांच्या ‘सवा सेर गेहूँ’कडे बोट दाखवू. शंकर नावाचा शेतकरी सव्वा शेर गहू उसने घेतो. सात वर्षांनी त्याचे साडेपाच मण झाल्याचे त्याला सांगण्यात येते. त्याची किंमत साठ रुपये ठरते आणि तसा रोखा होतो. शंकर वर्षभर पोट मारून साठ रुपये जमवितो आणि नेऊन देतो. तेव्हा व्याजाचे थोडे रुपये बाकी निघतात. ते जुळत नाहीत आणि शंकराचा धीर सुटतो. येथे प्रेमचंदांनी जे पाहिले ते आपल्या मराठी कथाकारांना क्वचितच दिसले आहे: ऋणको बहुधा पहिल्या आघाताने मोडत नाही. तो नेटाने फेडीत असतो, आणि बहुतेक फेड झाल्यावर उरलेल्या लहानशा बाकीने मोडतो. आशा हीच त्याची शक्ती असते, आणि ती संपली की हिशेब संपतो. तथापि या कथेतही न्यायालय नाही. शंकराने रक्कम दिल्याची पावती मागितली असती तर, असा प्रश्न कथेत कोणी विचारीत नाही. विचारला असता तर कथाच वेगळी झाली असती.

कायद्याने मात्र हा प्रश्न वाङ्मयाआधी विचारला, हे नमूद करणे टीकाकाराला थोडे लाजिरवाणे वाटले तरी खरे आहे. दंग्यानंतर चार वर्षांनी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ इतिहास तपासण्याचा अधिकार दिला आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला कैदेत टाकणे बंद केले. न्यायाधीशाने रोख्याच्या आकड्यावर न थांबता ‘हे कर्ज कसे झाले’ हे विचारावे, ही कल्पना कादंबरीकाराची आहे. ती कलमांत आली.

आमच्या या भागाशी निगडित असलेला दुसरा कायदा याहूनही आमच्या विषयाला जवळचा आहे. रायपूर तेव्हा मध्य प्रांतात होते. जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले आणि जुनी कर्जे नव्या भावाने फेडणे अशक्य झाले, तेव्हा मध्य प्रांताने १९३३ साली कर्ज-तडजोड कायदा केला. त्यान्वये मंडळे नेमली गेली. ऋणकोने अर्ज करावा, मंडळाने सर्व धनकोंना बोलवावे, येणे आकडे मांडावेत, आणि समेट झाला तर हप्त्यांचा करार लेखी नोंदवावा, अशी ही पद्धत होती. एखादा धनको रास्त तडजोड नाकारून अडून बसला तर मंडळ ऋणकोला तसा दाखला देई. मग त्या धनकोने दावा लावलाच तर दाव्याचा खर्च आणि पुढचे व्याज यांना कात्री लागे. आणि त्याचे कर्ज बिनतारणी असेल तर करारातील इतरांचे हप्ते फिटेपर्यंत त्याच्या हुकूमनाम्याची बजावणी थांबून राही. संवाहकाच्या विनोदाला दिलेले हे कायद्याचे उत्तर होय. बोलणी एकत्र, बेरीज एका ठिकाणी, आणि जो रांग मोडून पुढे घुसू पाहील त्याला रांगेच्या शेवटी उभे करणे.

याच शहरातील दुसरा एक प्रयत्न याआधीचा आहे. ‘छत्तीसगढ मित्रा’चे प्रकाशक वामनराव लाखे पुढे वकील झाले आणि १९१३ साली रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी करण्यात ते पुढे होते. सावकाराच्या दारी जावे लागू नये यासाठी ही खटपट होती. ज्या मासिकाने पश्चात्तापाची कथा छापली त्याच मासिकाच्या प्रकाशकाने, पश्चात्तापाची वाट न पाहता, बँक काढली, याचा अर्थ आपल्या टीकाकारांनी लावायला हवा होता. कथा अमर झाली. बँकेच्या खतावणीतून एकही कथा निघाली नाही. किती कुळांनी किती वर्षे हप्ते भरले, कोणाचे बैल वाचले, कोणाचे गेले, याला लेखक मिळाला नाही. मराठी माणसाने हिंदीच्या प्रदेशात जाऊन कथाही दिली आणि संस्थाही दिली. दोहोंचा मेळ मात्र कोणी घातला नाही.

असा मेळ पाहायचा झाल्यास स्कॉटकडे जावे लागते. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या संदर्भात वॉल्टर स्कॉटचे नाव आपल्याकडे शंभर वर्षे घेतले जात आहे. परंतु त्याच्या शेवटच्या सहा वर्षांकडे मराठी समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. १८२६ च्या जानेवारीत त्याच्या प्रकाशकाची आणि ज्या छापखान्यात त्याची भागी होती त्याची पेढी बुडाली आणि त्याच्या अंगावर एक लाख पौंडांहून अधिक कर्ज आले. दिवाळे काढून मोकळे होणे शक्य होते. त्याने ते न करता धनकोंच्या विश्वस्तांशी करार केला: एडिंबरोचे घर विकावे, आणि यापुढे जे लिहीन त्याचे उत्पन्न धनकोंना जावे. त्याच वर्षी त्याची पत्नी वारली. लेखन थांबले नाही. सुमारे दोन वर्षांत जवळजवळ चाळीस हजार पौंड धनकोंसाठी उभे राहिले.

आणि मग नेमका आमचा प्रसंग घडला. १८२७ च्या शरद ऋतूत आबुड नावाच्या लंडनच्या एका सोन्याचांदीच्या पेढीने, जी त्या सर्वांच्या करारात सामील झाली नव्हती, आपल्या रकमेसाठी स्कॉटला अटक करविण्याची धमकी दिली. हप्ते चालू, बाकी सारे धनको संतुष्ट, आणि एकटा एक कायद्याचा दंडुका उगारून उभा. ऋणकोंना अभय देणाऱ्या होलीरूडच्या आवारात जाऊन राहावे काय, असा विचार स्कॉटला करावा लागला. अखेर बँकर सर विल्यम फोर्ब्स यांनी, जे स्वतःही धनको होते, ती रक्कम गुपचूप आपल्या पदरची भरली. फोर्ब्स हयात असेपर्यंत स्कॉटला ते कळले नाही. १८३० च्या अखेरीस धनकोंनी कृतज्ञतेने त्याचा ग्रंथसंग्रह आणि घरातील सामान त्याला परत दिले. १८३२ मध्ये तो वारला तेव्हा कर्ज पुरते फिटले नव्हते; ते पुढे त्याच्या ग्रंथांच्या हक्कांतून फिटले.

या घटनेत दया आहेच. फोर्ब्सची कृती सप्र्यांच्या जमीनदाराच्या मनःपरिवर्तनाहून कमी हृद्य नाही. फरक असा की ही दया फेडीच्या मध्यावर आली, फेडीच्या ऐवजी आली नाही. ज्याने दोन वर्षे अखंड भरणा केला त्याच्यासाठी दुसऱ्या धनकोने खिशात हात घातला. आणि या सर्वाची नोंद कादंबरीत नसून रोजनिशीत आहे. स्कॉटची रोजनिशी १८९० साली प्रसिद्ध झाली. आमच्या मते त्याच्या अनेक कादंबऱ्यांपेक्षा ती आजच्या वाचकाला अधिक जवळची वाटेल. आज किती पाने लिहिली, किती पौंडांचे काम झाले, मन कसे होते, पाय कसा दुखत होता, याची तारीखवार नोंद तीत आहे.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याशी आलो. कथेला कळस लागतो. फेडीला तारीख लागते. लिलाव, अटक, पश्चात्ताप, कागद जाळणे हे सारे कळसाचे प्रसंग आहेत, म्हणून ते कथेत सहज बसतात. हप्ता मात्र दर महिन्याला सारखाच असतो. त्यात नवे काही घडत नाही, आणि काही न घडणे हेच त्याचे यश असते. अशा अनुभवाला रोजनिशी, पत्रव्यवहार, जमाखर्चाची वही हे घाट शोभतात. मराठीला हे घाट परके नाहीत. बखर आणि पत्रे यांवर आपले गद्य वाढले. देशस्थ आणि कोकणस्थ घराण्यांच्या वह्यांत आण्यापैपर्यंत हिशेब आहेत. परंतु नवकथेच्या काळापासून आपण उत्कटतेचा जो आग्रह धरला, त्यात या संथ शौर्याला स्थान राहिले नाही.

याचा परिणाम केवळ वाङ्मयीन नाही, म्हणून आम्ही हा विषय इतका लांबविला. वाङ्मयाने ऋणकोला दोनच भूमिका दिल्या: नाडलेला आणि बुडव्या. सुशिक्षित नोकरदाराला या दोहोंपैकी कोणतीच आपली वाटत नाही. तो स्वतःला नाडलेला म्हणवून घेत नाही, कारण सही त्यानेच केलेली असते. आणि बुडव्या तर तो नसतोच. मग समन्स आले की ते टेबलाच्या खणात जाते. घरी सांगवत नाही, कचेरीत बोलवत नाही, न्यायालयात जाववत नाही. ‘मी तर हप्ते भरतोच आहे’ या समाधानात तारीख निघून जाते आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. लाजेला शब्द मिळाले नाहीत की ती मौन धरते, आणि दिवाणी न्यायालयात मौनाचा अर्थ कबुली असाच होतो.

वास्तविक या मौनाच्या जागी कायद्याने बरेच काही ठेवले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २० व्या आदेशातील ११ व्या नियमाप्रमाणे निकाल देतानाच हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. म्हणजे हजर राहून आपली मिळकत, आपली इतर देणी आणि चालू हप्तेबंदी कागदोपत्री दाखविणाऱ्याचे म्हणणे ऐकले जाऊ शकते. निकालानंतर मात्र हप्त्यांसाठी हुकूमनामाधारकाची संमती लागते, आणि असा अर्ज तीस दिवसांच्या आत करावा लागतो. एका धनकोशी झालेली तडजोड दुसऱ्याला बांधीत नाही, हे तत्त्व आबुडच्या वेळी होते तसेच आजही आहे. लोकअदालतीत झालेला समेट १९८७ च्या कायद्याने हुकूमनाम्याच्याच तोलाचा ठरतो आणि त्यावर अपील नाही. तेव्हा तेथे कबूल करावयाचा हप्ता आपल्या इतर हप्त्यांसह पेलेल इतकाच असावा.

शंकराने न मागितलेल्या पावतीचे महत्त्वही संहितेत आहे. हुकूमनाम्यानंतर रक्कम न्यायालयाबाहेर दिली तर २१ व्या आदेशाच्या २ ऱ्या नियमाप्रमाणे तिची न्यायालयात नोंद व्हावी लागते. धनकोने ती करविली नाही तर ऋणकोने तीस दिवसांत अर्ज करावा, आणि लेखी पुरावा जोडावा. नोंद न झालेली फेड बजावणी करणाऱ्या न्यायालयाच्या दृष्टीने झालेलीच नसते. एखाद्या प्रामाणिक माणसाने दोन वर्षे रोख पैसे नेऊन द्यावेत आणि दरखास्तीत पूर्ण रकमेची मागणी यावी, यापेक्षा करुण कथावस्तू कोणत्या लेखकाला हवी आहे? आणि ती टाळण्यासाठी लागणारी वस्तू किती साधी: पोस्टाची मनिऑर्डर किंवा बँकेतून केलेला भरणा.

वेतनावर जप्ती आली तरी जग बुडत नाही. संहितेच्या ६० व्या कलमाने वेतनातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश जप्तीतून वगळले आहेत. आणि एकाच हुकूमनाम्यापोटी एकूण चोवीस महिने जप्ती झाली की पुढे त्या हुकूमनाम्यासाठी तो भाग मोकळा होतो. कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी आणि धर्मरूढीने स्त्रीला अंगावरून उतरविता न येणारे अलंकार यांनाही त्या कलमाने हात लावू दिलेला नाही. आपल्या कादंबऱ्यांत बेलीफ ज्या मंगळसूत्राकडे पाहतो, त्याकडे कायद्याने पाहू नये असे कधीच ठरले आहे. आणि नुसत्या असमर्थतेसाठी ऋणकोला कैद करणे योग्य नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितले. पैसे असून न देणाऱ्याची गोष्ट वेगळी.

सरकारी नोकराला आणखी एक वाचक आहे, आणि तो टाळता येत नाही. केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम, १९६४ यांतील १७ वा नियम सांगतो की कर्मचाऱ्याने नित्याचा कर्जबाजारीपणा टाळावा, आणि कर्जाच्या वसुलीसाठी त्याच्यावर न्यायालयीन कारवाई सुरू झाली तर त्याने सर्व हकीकत तत्काळ सरकारला कळवावी. कर्ज उधळपट्टीतून झाले नसून आपल्या हाताबाहेरच्या परिस्थितीतून झाले, हे सिद्ध करण्याचा भारही त्याच्यावरच ठेवलेला आहे. या नियमाकडे आम्ही वाङ्मयाच्या नजरेने पाहिले तेव्हा असे दिसले की फेडीची संपूर्ण कथा मागणारा या देशात एकच वाचक आहे, तो म्हणजे कार्यालयप्रमुख. कर्ज कसे झाले, कोणाकोणाचे आहे, किती फिटले, पुढे कसे फेडणार, हे सारे क्रमवार, अतिशयोक्ती न करता लिहून द्यायचे. वेतनातून कपात करण्याचा आदेश आहरण-संवितरण अधिकाऱ्याकडे येण्यापूर्वी असे निवेदन गेलेले असले तर त्याचा अर्थ एक, आणि मागाहून गेले तर दुसरा.

असे निवेदन लिहायला शब्द हवेत, आणि परमुलखात तेही दुहेरी हवेत. रायपूरच्या कचेरीत आपला हप्ता किश्त होतो आणि जप्ती कुर्की होते. घरी पत्र मराठीत जाते, अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत. मराठी वाङ्मयाने या अनुभवाची भाषा घडविली असती, तर घरच्या पत्रात तरी ‘थोडी अडचण आहे’ या तीन शब्दांपुढे लेखणी सरकली असती.

आमची अपेक्षा मोठी नाही. कर्जावरच्या कथा कमी व्हाव्यात असे आम्ही म्हणत नाही; सप्र्यांची टोपली आहे तेथे राहो. परंतु परप्रांतात राहणाऱ्या आपल्या लेखकांपैकी एखाद्याने छत्तीस हप्त्यांची कादंबरी लिहावी. तिच्यात सातव्या महिन्यात समन्स यावे, नायकाने ते त्याच संध्याकाळी पत्नीपुढे ठेवावे, दोघांनी साऱ्या धनकोंची यादी एका कागदावर करावी, तारखेला तो न्यायालयात उभा राहावा, आणि पावत्यांची पुडकी वाढत जावी. शेवटच्या प्रकरणात हुकूमनाम्याची फेड झाल्याची नोंद व्हावी, आणि त्या दिवशी घरात नेहमीचाच स्वयंपाक असावा. अशी कादंबरी नीरस होईल अशी ज्यांना भीती वाटते, त्यांनी स्कॉटच्या रोजनिशीची १८२७ सालातली पाने चाळून पाहावीत.